तिसऱ्या मजल्यावरचं गरम पाणी

डिप्लोमा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी नाशिकच्या एका जुन्या प्रसूतिगृहात देखभालीचा साहेब झालो होतो. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. तळघरात लाकडावर चालणारा बॉयलर, गच्चीवर टाकी, मधे तीन मजले लोखंडी नळ. पंप नाही, मोटार नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी दुसऱ्या नळानं खाली येतं, हे मला तोंडपाठ होतं. म्हणूनच त्याचं काही वाटत नव्हतं.

बॉयलर सांभाळायला विंचूरकडचा एक वयस्कर मिस्त्री होता. दिवाळीनंतर थंडी पडली आणि तिसऱ्या मजल्यावर, बाळंतिणींच्या खोल्यांत, गरम पाणी पोचेना. मिस्त्री दुप्पट लाकूड घालायचा, बॉयलर धाडधाड वाजायचा, वरचा नळ मात्र गारच. मग तोच बादल्या घेऊन तीन जिने चढायचा. मी अहवाल लिहिला: बॉयलर मोडीत काढा, विजेचे गीझर बसवा. बॉयलर गेला की मिस्त्रीही घरी जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अहवाल द्यायच्या दिवशी सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. "साहेब, एकडाव गच्चीवर चला. तुमच्या परवानगीबिगर हात लावता येत नाय."

गच्चीवर नळाच्या सगळ्यात उंच टोकाला बोटभर पितळी तोटी होती. दसऱ्याच्या पूजेआधी मी सगळं रंगवून घेतलं, तेव्हा ती ठिबकत होती. नव्या रंगावर ओघळ नकोत म्हणून मी ती करकचून बंद करवली, तिच्यावरही रंगाचे दोन हात मारले आणि कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. वर झेंडूची माळही घातली!

"पाण्यातली हवा हितं येऊन बसती," मिस्त्री म्हणाला. "दर सोमवारी सोडायला लागती. ती आडवी बसली तर पाणी चढंल कसं?"

त्यानं रंग खरवडला आणि पान्यानं तोटी फिरवली. फुस्स करून हवा सुटली, कितीतरी वेळ सुटतच राहिली. मग पाण्याची चिळकांडी आली. तोटी बंद करून त्यानं माझा हात धरला आणि नळावर ठेवला. लोखंड गार होतं. हळूहळू कोमट झालं. मग चटका बसू लागला, तरी मला हात काढवेना. तळघरातून इतक्या वर, कुणी न ढकलता, पाणी आपलं आपण चढून आलं होतं. परीक्षेत ज्याचे पैकीच्या पैकी मार्क घेतले होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. खालच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "आलं गं बाई, गरम आलं!"

"इतके दिवस बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"दोनदा बोललो, साहेब. तुम्ही म्हणाला, 'शिकलेला मी हाय का तुम्ही?'"

खाली येऊन मी अहवाल उघडला. बिघाडाच्या कारणापुढे माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: चालवणाऱ्याचं वय झालं आहे. ते खोडून मी तिथं माझी चूक लिहिली आणि खाली सही केली.