माईक, मी आन सरांचा कॅटलान

गिटार म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं लांब केसांचा पोरगा आला असंल. गच्ची, संध्याकाळ, शेजारी एखादी पोरगी. पुसून टाका. आमच्या सरांना टक्कल, शेजारी बसायला मी, आन क्लास टायरच्या दुकानावर. प्रेमाबिमाचं काय निघणार नाय. एका कॅटलान माणसाचं निघंल, पण त्याच्यासाठी मी स्पेनला जाऊन आलो असंबी समजू नका. माझा सगळा प्रवास गंगापूर ते संभाजीनगर, त्योबी जीपच्या मागच्या सीटवर.

मी मिमिक्री करतो. हळदीला, गॅदरिंगला. पुढारी, बकरी, एसटीचा गिअर, सगळं तोंडानं. गिटारचा आवाज काढायला शिकावा म्हणून सरांकडं गेलो. म्हणलं, "वाजवायचं नाय सर, फक्त आवाज पायजे."

सर हसले. "अरे मियाँ, पहिले ऐक तर."

सरांनी सारी उमर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात काढली. गाणारणीच्या मागं उभं राहून. पण क्लासमधली पोरं गेली की ते त्या कॅटलानचं वाजवायचे. कॅटलान म्हणजे बार्सिलोनाकडचा माणूस, ह्यो लई जुन्या काळातला. गिटार वाजवायचा, स्वतः रचायचा. सर त्याचं असं सांगायचे, जसा काय तो बिडकीनला राहतो आन त्यांचा मामू लागतो.

"तेव्हा लोकं म्हणायची, गिटार म्हणजे गाण्याच्या मागं वाजवायची चीज. ह्यानं एकटी गिटार पुढं आणून बसवली. मग लढाई झाली. हा हरणाऱ्या बाजूचा निघाला. मुल्क सोडून पॅरिसला गेला, परत काय आला नाय. तिथं मोठंमोठं रचलं, लोकांना वाजवायला जमंना. मग शिकणाऱ्या पोरांसाठी छोटंछोटं लिहीत बसला."

"मग?"

"मग काय, मेला. ते छोटंच आज सारी दुनिया वाजवते."

मला वाईट वाटायचं, आन वाईट वाटलं की माझं तोंड चालू होतं. मी खोली शोधणारा कॅटलान काढायचो, "ओ मावशी, तुमच्या पॅरिसात एखादी खोली हाय का? संडास आतच पायजे." सर डोळे पुसत हसायचे.

पण सरांची डावी करंगळी वाकत चालली होती. डॉक्टर म्हणले, सांधे गेलेत, आता वाजवायचे थोडेच दिवस. तवा सरांनी ठरवलं, ह्या शहरात एकदा तरी पुढं बसून त्याचं एक मोठं वाजवायचं. एकट्यानं. एका शाळेचा हॉल मिळाला, रविवारची दुपार. जुने विद्यार्थी, मोहल्ल्यातली लोकं, ऑर्केस्ट्रातले दोस्त, माझ्या ओळखीचे काही हळदीवाले. निवेदन माझ्याकडं.

मी शहाण्यासारखा बोललो. एकपण बकरी काढली नाय. सर खुर्चीवर बसले, डावा पाय छोट्या पाटावर ठेवला आन सुरू केलं. सगळा हॉल गप्प. मी विंगेत, हातात माईक.

तो तुकडा मला पाठ होता. शेवटाच्या जरा आधी एक जागा येते, तिथं करंगळी लई लांब टाकावी लागते. क्लासमधी सर तिथं अडायचे, मी तोंडानं ती जागा काढून द्यायचो, आन सर पुढं जायचे. ही आमची रोजची पद्धत.

त्या जागेवर सर थांबले. हात वरच राहिला. कुणी खोकलंसुद्धा नाय. मला ते सोसलं नाय. वाटलं, सर बुडाले. माईक आपोआप तोंडाशी गेला आन मी ती जागा काढली. सरांनी पुढं वाजवलं नाय, म्हणून मी पुढचंबी काढलं. हुबेहूब, पार शेवटापर्यंत.

आधी एकजण हसला. मग सगळे. टाळ्या, शिट्ट्या. "वन्स मोअर! आता एसटी होऊ दे!" लोकांना वाटलं, ह्यो आयटमच हाय.

आता ती करंगळी उघडत नाय. सरांनी लोकांपुढं परत गिटार धरली नाय. मी गप्प राहिलो असतो तर तो तुकडा कसा संपला असता, हे मला माहीत नाय, कुणालाच नाय. हळदीला लोकं अजून म्हणतात, गिटार काढ. मी बकरी काढतो.

त्या दुपारी टाळ्या चालू असतानाच सरांनी उठून आदाब केला आन मागच्या जिन्याकडं निघाले. मी पळत गाठलं.

"सर, तुम्ही अडले म्हणून..."

"अडलो नव्हतो! दुसऱ्या बोटानं घेणार होतो. चुकलं असतं तर चुकू दे ना! तुझ्या बापाचं काय जात होतं?"

"मला वाटलं, लोकं हसतील."

"मग आता काय रडली का? अरे, सारी उमर मी हल्ल्यागुल्ल्यात वाजवलं. जेवणाऱ्या लोकांपुढं. आज पहिल्यांदा माझ्यासाठी लोकं चुप बसली होती. ती चुप्पी माझी होती. तू भरून टाकली."

मी गिटार धरायला हात पुढं केला, त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

"क्लासमधी मी मागायचो, तू द्यायचास. आज मागितलं का मी? बोल की. एरवी तर लई चालतं तोंड."

"नाय सर."

"मग जा आत. लोकं उठायच्या आधी सांग, की तो शेवट तुझा होता. त्या बिचाऱ्या कॅटलानच्या नावावर घालू नको."