गजर झाला की लिही

सदा गेल्याची बातमी त्याच्या आईनेच आणली. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातून चालत नेरूळला माझ्या दारात आली, डोक्यावर मासळीची पाटी नव्हती, तेव्हाच मी उठून उभा राहिलो. "बाला, आपला सदा नाय रं राहिला," म्हणाली. ताप मेंदूत गेला होता... त्याला आता पाच आठवडे झाले.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी उदगीरहून कारकुनीसाठी इथे आलो, तेव्हा आमच्या नव्या वसाहतीत माणसांपेक्षा रिकाम्या खोल्या जास्त होत्या. पहिली ओळख झाली ती सदाची. कोळ्याचा मुलगा, तत्त्वज्ञानात एम.ए., आणि पीएच.डी.ला विषय घेतला मन आणि मेंदू! तत्त्वज्ञानवाले म्हणत, हे डॉक्टरांचं काम. डॉक्टर म्हणत, आधी मेंदू तर शिकून ये. गडी दोन्हीकडे जाऊन बसायचा आणि दोन्हीकडे एकटाच डबा खायचा. मेंदूच्या लहरी मशीन कागदावर काढतं, पण त्या क्षणी काय वाटतं ते माणसालाच विचारावं लागतं, हा त्याचा हट्ट. आई मासे साफ करता करता चेष्टा करी, "जगाच्या मनातलं इचारतंय, आयशीला जेवलीस का इचारत नाय!"

मला त्याने गजराचं घड्याळ आणि एक वही दिली. "गजर झाला की मनात असेल ते लिही. खरं लिही हां, नायतर माझी मेहनत पाण्यात." महिनाभर मी लिहिलं... चक्क खोटं. रोज संध्याकाळी गजर व्हायचा तेव्हा मनात एकच असायचं, आज कोणी येईल का. ते लिहायची लाज वाटली. मग सिनेमा, गावची जत्रा, ऑफिसातल्या गमती, काय वाटेल ते लिहिलं. वही चाळून तो माझ्याकडे बघत राहिला आणि ती बगलेत मारून गेला. मित्राच्या अभ्यासात आपण भेसळ केली, हे मला खात राहिलं. सांगू सांगू म्हणत वर्षं गेली.

परवा त्याच्या आईने ती वही परत दिली. शेवटच्या पानावर सदाचं बारीक अक्षर होतं. 'नोंदी खऱ्या नाहीत, वापरू नयेत. रोज खोलीत एकटा असतो, पण एकाही नोंदीत ती खोली नाही. विचारायला हवं.'

त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला त्याचा रागही आला आणि रडूही आलं.

घड्याळाला मी अजून किल्ली देतो. काल संध्याकाळी गजर झाला. वही उघडून त्याच्या अक्षराखाली लिहिलं, आज कोणी येईल का. मग चपला घातल्या, सारसोळ्याला गेलो आणि दारातूनच विचारलं, "आये, जेवलीस का?"