चहाच्या कपाखालचं कार्ड

माझं व्हिजिटिंग कार्ड त्याने कपाखाली ठेवलं. माझ्या डोळ्यांदेखत. वर गरम चहा, खाली माझं नाव.

तो म्हणजे चेअरमनचा नातू, टोकियोहून आलेला. बँक त्यांची, विमा त्यांचा, जहाजं त्यांची, आमचं लंडनचं ऑफिसही त्यांचंच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानातली असली घराणी मोडली म्हणे. डोंबलाची मोडली! पाट्या बदलल्या, खुर्चीत बूड तेच.

आणि कार्डाचे धडे आम्हाला यांनीच दिले होते. कार्ड म्हणजे माणसाचा चेहरा. दोन्ही हातांनी द्यायचं, वाकून. समोरच्याचं घेऊन वाचायचं, टेबलावर नीट मांडायचं. त्यावर काहीही ठेवायचं नाही. स्टॅनमोरच्या घरून येताना ट्रेनमध्ये मी हे येड्यासारखं घोकलं होतं. त्या दिवशी प्रेझेंटेशन माझं होतं. ते त्याला पटलं तर विम्याचा सगळा विभाग माझ्याकडे येणार होता.

माझ्या इंग्रज बॉसचं कार्ड त्याने व्यवस्थित मांडलं. मग माझ्याकडे न बघताच त्याला विचारलं, "चहाचं हीच बघते ना? अजून एक कप सांगा."

बॉस हसला. मेला हसला! मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "नॉट टुडे, प्लीज. प्रमोशनचा विचार कर."

मी चहा आणला. हो, आणला. प्रेझेंटेशनही दिलं. नातूसाहेब फोन बघत होते.

तो उठल्यावर मी कप उचलला. कार्ड भिजलं होतं. ते घेऊन मी सगळ्यांच्या मागोमाग लिफ्टपाशी गेले. त्यांची रीत अशी की पाहुणा लिफ्टमध्ये शिरला की दार बंद होईपर्यंत सगळ्यांनी वाकून राहायचं. अख्खं ऑफिस वाकलं. बॉस तर सगळ्यांत खाली.

मी नाही वाकले.

त्याच्यासमोर नुसत्या पाठी आणि एकच चेहरा, माझा. तेव्हा कुठे त्याने मला पाहिलं. ते ओलं कार्ड मी दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरलं, अगदी शिकवल्यासारखं.

"वाचा," म्हटलं.

त्याने वाचलं. दार बंद झालं.

विभाग दुसऱ्याला मिळाला. आई फोनवर म्हणाली, "अगं, जरा वाकली असतीस तर काय कंबर मोडली असती?" कंबर नसती मोडली, आई. पण मग ताठ उभं कशाच्या जोरावर राहायचं?

आता पुढच्या महिन्यात त्याचे आजोबा, खुद्द चेअरमन, येताहेत. बॉस म्हणतो, "त्या दिवशी रजा घे." रजा घेतंय माझं खेटर! लिफ्टसमोर पहिल्या रांगेत उभी राहणार आहे. ताठ.