कालिंदी घाडीचा निकाल

हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांमागे एका जिन्याखाली कालिंदी घाडीचं पिकोचं मशीन आहे. साडीला फॉल लावायचा, पदराला पिको करायचा, ब्लाऊजचं कापड कापून वेगळं काढायचं, हे काम ती तीस वर्षं करते आहे. राहते परळला, वडिलांच्या चाळीतल्या खोलीत. वडील गिरणीत होते. ते गेले, गिरणी गेली, खोली राहिली.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कालिंदीने लग्न करायचं ठरवलं.

नवरदेव रघुवीर टिपणीस. वय सहासष्ट, विमा कंपनीतून रिटायर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. सुनेची साडी फॉल लावायला घेऊन ते पहिल्यांदा जिन्याखाली आले आणि दीड तास बोलत उभे राहिले. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक साडी. तिसऱ्यांदा आले ते पहिलीच साडी परत घेऊन. कालिंदी म्हणाली, "अहो, हिला फॉल लावलाय मी. हा बघा."

"हो का?" टिपणीस म्हणाले. "मग बसतो जरा."

वर्षभर ते 'कालिंदीताई' म्हणत होते. एका दुपारी त्यातली 'ताई' गळून पडली, आणि पुढच्या महिन्यात दोघं विवाह नोंदणी कार्यालयात फॉर्म घेऊन उभी होती. कालिंदीबरोबर तिच्या भावाची मुलगी अनुजा होती. तिने ऑफिसमध्ये हाफ डे टाकला होता.

खिडकीतल्या क्लार्कने फॉर्म वाचला. "वराच्या पत्नीचा मृत्यूचा दाखला आहे. ठीक. वधू घटस्फोटित. कोर्टाची डिक्री?"

कालिंदीने पिशवीतून लॅमिनेट केलेला एक कागद काढून दिला. क्लार्कने तो पुढून वाचला, मागून वाचला. "बाई, हे पोस्टकार्ड आहे."

"हो मग? शिक्का आहे की त्यावर."

"पोस्टाचा आहे."

कार्डावर तीनच ओळी होत्या. 'कोर्टात जाऊन आलो. निकाल लागला. तू मोकळी, मीही मोकळा. कुशाबा.' तारीख जुलै १९९४ ची.

कुशाबा घाडी हा कालिंदीचा नवरा. लग्न नव्वद साली झालं, गावाला. परळच्या गल्लीत वाढलेली मुलगी सासरी गेली ती अशा घरात, जिथे संध्याकाळी सातनंतर फक्त रातकिडे बोलायचे. कुशाबा माणूस वाईट नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. पण तो बोलायचाच नाही. चार दिवसांतून एकदा तोंड उघडायचा आणि तेही बहुतेक म्हशीसाठी. कालिंदीने तीन वर्षं काढली. मग एका शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक भरली. कुशाबाने ती एसटी स्टँडपर्यंत वाहून नेली, टपावर चढवली, आणि तेव्हाही काही बोलला नाही.

तालुक्याच्या कोर्टात अर्ज तिनेच केला होता. दोन तारखांना गेली. तेव्हा ती परळला परतून एका कारखान्यात शिवणकामाला लागली होती, तिथून तिसऱ्या तारखेला सुट्टी मिळेना. वकील म्हणाले होते, आला नाहीत तरी चालेल, मी आहे. नंतर कार्ड आलं. कालिंदीने मंगळसूत्र काढून ठेवलं, मशीन घेतलं आणि ती कामाला लागली. वकील पुढे वारले. निकालाचा कागद असतो आणि तो मागून घ्यायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नाही.

"सोपं आहे, आत्या," अनुजा म्हणाली. "कोर्टात रेकॉर्ड असणारच. नक्कल काढायची, बस."

दोघी रात्रीच्या गाडीने कणकवलीला उतरल्या आणि तिथून एसटीने तालुक्याला गेल्या. तालुक्याचं नाव सांगत नाही. तिथली माणसं भली आहेत. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या सीमा मॅडम तर फारच भल्या. फक्त पहिल्या दिवशी त्या भावकीतल्या लग्नाला गेल्या होत्या आणि चावी त्यांच्या पर्समध्ये होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "केस नंबर?"

"नाही माहीत."

"साल?"

"मुंबईत दंगल झाली ना, त्याच्या पुढचा शिमगा. त्यानंतर अर्ज केला."

सीमा मॅडमनी चष्मा वर केला. "आमच्याकडे शिमग्याप्रमाणे लावलेलं नाही हो. वर्षाप्रमाणे आहे."

अनुजाने शोधाचा अर्ज लिहिला, त्यावर कोर्ट फीचं तिकीट लावलं, दोघी बाकावर बसल्या. आत लाल फडक्यात बांधलेली गाठोडी छतापर्यंत रचलेली होती. सीमा मॅडम स्टुलावर चढून एकेक नाव मोठ्याने वाचत होत्या आणि खालून पट्टेवाला प्रत्येक नावाची हकीकत सांगत होता. "ह्यांचा मिटला. आता चार नातवंडा आहेत. ह्या नाय मिटला, पण तो गेलो." दुपारपर्यंत कालिंदीला तालुक्यातल्या निम्म्या संसारांची माहिती झाली. स्वतःच्या संसाराचा पत्ता नव्हता.

चारच्या सुमाराला सीमा मॅडम धूळ झटकत बाहेर आल्या. "सापडलं. फाईल मुदत संपल्यावर नष्ट केली आहे, पण रजिस्टरात नोंद आहे. घाडी विरुद्ध घाडी."

"तेच ते!" कालिंदी उठली.

सीमा मॅडमनी बोट ठेवून वाचलं. "अर्जदार गैरहजर. अर्जदाराचे वकील गैरहजर. सामनेवाला हजर. सबब अर्ज निकाली काढला."

"मग झालंच की! निकाल लागला."

"निकाल नाही हो. निकाली. तुम्ही आला नाहीत म्हणून अर्ज काढून टाकला. म्हणजे..." त्यांनी रजिस्टर मिटलं. "म्हणजे तुमचं लग्न आहे अजून."

कालिंदी बाकावर बसली. अनुजाने पाण्याची बाटली पुढे केली. पट्टेवाला मनापासून म्हणाला, "अभिनंदन."

कुशाबाचं गाव तिथून अर्ध्या तासावर. एकतीस वर्षांत दोघांची गाठ दोनदाच पडली होती, दोन्ही वेळा कुणाच्या तरी तेराव्याला. कालिंदी रिक्षातून उतरली तेव्हा कुशाबा अंगणात काजूच्या बिया पसरत होता. पाठीला थोडा बाक आला होता, केस पांढरे झाले होते.

"कधी इलंस?" त्याने विचारलं.

कालिंदीने पोस्टकार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. "हे काय लिहिलंयस?"

त्याने हात पुसून कार्ड घेतलं, नीट वाचलं. "बरोबर लिवलंय."

"बरोबर? अरे, निकाली म्हणाले होते ते! निकाली!"

"जज्जसायबानी सांगितल्यानी, निकाली काढला. मी म्हटलंय, लागलो निकाल." मग जरा विचार करून तो म्हणाला, "आणि तू खंय होतंस? अर्ज तुझो. मी आपलो सकाळपासून उपाशी बसलंय थंय."

अनुजाला हसू आवरेना. ती विहीर बघायला गेली.

कुशाबाने चहा केला. स्वतः केला, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याने पुन्हा लग्न केलं नव्हतं. का, ते कालिंदीने विचारलं नाही आणि तो सांगणाऱ्यांतला नव्हता. चहा संपल्यावर तिने टिपणिसांबद्दल सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बोलता?" त्याने विचारलं.

"कोण?"

"तो तुझो टिपणीस. बोलता काय?"

"फार बोलतात."

"मग बरा," कुशाबा म्हणाला. "खंय सही करूची, सांग."

कालिंदी परत परळला आली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. शेजारच्या ललिताकाकू दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन दारात हजर. याच काकूंनी एकतीस वर्षं संक्रांतीला सगळ्या मजल्याला बोलावलं आणि कालिंदीचं दार चुकवलं होतं.

"अगं, तू तर सवाष्ण निघालीस! आम्हाला काय माहीत?"

कालिंदीने कपाळ पुढे केलं. "लावा. थोड्या महिन्यांपुरतीच आहे. उरकून घ्या."

टिपणिसांना मात्र धक्का बसला. ते चक्क दहा मिनिटं गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी वर्षभर एका विवाहित स्त्रीकडे साड्या घेऊन येत होतो?" आणि त्यांचा चेहरा, कालिंदीच्या म्हणण्याप्रमाणे, थोडा खुललाच.

तालुक्यात मनवा नावाची एक तरुण वकीलीण मिळाली. तिने परस्पर संमतीचा अर्ज तयार केला. असा अर्ज केल्यावर कायद्याने सहा महिने थांबायला सांगतात, न जाणो मन बदललं तर. पण इतकी वर्षं वेगळी राहिलेली माणसं म्हणून ती मुदत माफ व्हावी, असा आणखी एक अर्ज तिने जोडला. दोघांना शेजारी बसवून ती मुद्दे विचारू लागली.

"वेगळे राहण्याचं कारण?"

"हा बोलत नाही," कालिंदी म्हणाली.

मनवाने कुशाबाकडे पाहिलं. कुशाबा गप्प बसला.

"हे बघा," कालिंदी म्हणाली. "पुरावा."

मनवाने 'स्वभाव न जुळणे' असं लिहिलं.

तारखेच्या दिवशी कालिंदी तीन तास आधी कोर्टात पोचली. तरी कुशाबा तिच्या आधी आलेला. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, आणि हातात कागदात गुंडाळलेले आंबोळ्यांचे दोन डबे. "मागच्या वेळी उपाशी होतंय," त्याने खुलासा केला. दोघांनी बाकावर बसून आंबोळ्या खाल्ल्या. समोरच्या बाकावर एक नवराबायको तोंड फिरवून बसली होती. त्यातली बायको नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा, ह्या वयात कशी गोडीगुलाबीने राहतात माणसं."

"आम्ही घटस्फोटाला आलोय," कालिंदी म्हणाली.

नाव पुकारलं. न्यायाधीश बाई होत्या, कालिंदीहून वीसेक वर्षांनी लहान. त्यांनी अर्ज वाचला, मग रजिस्टरची नक्कल वाचली, आणि तोंडावर रुमाल धरून खोकल्या. कोर्टाच्या रीतीप्रमाणे विचारायलाच हवं म्हणून त्यांनी विचारलं, "पुन्हा एकत्र राहण्याची काही शक्यता?"

कालिंदीने मान हलवली. न्यायाधीशांनी कुशाबाकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं?"

मनवा पुढे झुकली. हा माणूस आता बोलला नाही तर काम अडणार होतं.

कुशाबा उभा राहिला. त्याने घसा साफ केला. "बाईसाहेब," तो म्हणाला, शुद्धात, बहुधा रस्ताभर घोकलेलं, "ही चांगली बाई आहे. मी पण वाईट नाही. पण हिला बोलल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मला बोलायला जमत नाही. तेव्हा मला वाटलं होतं सवय होईल. सवय हिला लागायला हवी होती का मला, हा विचार मी केला नाही. तो आता करून झाला. हिला मोकळी करा."

तीन वर्षांच्या संसारात कालिंदीने त्याच्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं ऐकली नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याचा रागही आला. "हे तेव्हा बोलला असतास," ती पुटपुटली, "तर ट्रंक उतरवली असती मी."

"काही म्हणालात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही. हरकत नाही म्हणाले."

मुदत माफ झाली. निकाल वाचून दाखवला गेला. "अर्ज मंजूर," न्यायाधीश म्हणाल्या, आणि कुशाबाकडे बघून सावकाश पुढे म्हणाल्या, "मंजूर. समजलं ना? घटस्फोट झाला."

"समाजला," कुशाबा म्हणाला. तरीही बाहेर आल्यावर त्याने सीमा मॅडमना गाठून पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

कालिंदीने डिक्रीच्या पाच नकला काढल्या. नोंदणी कार्यालयाची महिन्याची नोटीस संपली आणि वैशाखातल्या एका बुधवारी, साक्षीदार म्हणून अनुजा, टिपणिसांची सून आणि ललिताकाकू यांच्या सह्या होऊन लग्न लागलं. टिपणिसांनी भाषण तयार करून आणलं होतं. क्लार्कने मागे रांग असल्याचं दाखवलं, म्हणून ते बाहेरच्या पायऱ्यांवर झालं.

जेवण आटोपून चार वाजता कालिंदीने जिन्याखालचं शटर वर केलं, कारण नायगावच्या एका नवरीच्या सहा साड्या उद्या सकाळी द्यायच्या होत्या. टिपणीस शेजारी स्टुलावर बसले आणि दोरे कापायला मदत करतो म्हणाले. पहिल्याच साडीचा त्यांनी चुकीचा दोरा कापला. कालिंदीने कात्री काढून घेतली आणि म्हणाली, "तुम्ही नुसतं बोला."