सिसिलीचं डोकं, घणसोलीची तुळस

विमानतळाकडे निघालेली गाडी सुमनने गेटबाहेर पडायच्या आधीच थांबवायला लावली. सुमन म्हणजे माझी बायको. पासपोर्ट राहिला असेल म्हणून मी घाबरलो, तर ती पार्किंगमध्ये जाऊन तुळशीला पाणी घालून आली आणि वॉचमनला दम देऊन आली, की मी परत येईपर्यंत ही सुकली तर तुझी खैर नाही.

ही तुळस वीस लिटरच्या पेंटच्या बादलीत आहे. तिची कथा थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा प्रवास तिच्याच पायी झाला. आमचं घणसोली गावठाणातलं कौलारू घर पाडून आम्ही बिल्डिंग बांधली. जुन्या घराच्या अंगणात सुमनने स्वतः विटा रचून वृंदावन केलं होतं. दर दिवाळीनंतर ते चुन्या-गेरूने हाताने रंगवायचं आणि सगळ्या आळीने तिथे तुळशीचं लग्न लावायचं, असा रिवाज होता. जेसीबी आला त्या दिवशी तुळस तेवढी उपटून समोर दिसली त्या बादलीत ठेवली. तात्पुरती. पुढे बिल्डिंगला लिफ्ट आली, कॅमेरे आले, तुळस मात्र बादलीतच राहिली आणि सुमनने लग्न लावणं बंद केलं. मी बाजारातलं संगमरवरी वृंदावन आणतो म्हणालो, तर म्हणाली, "मशीनवर कापलेला मना नको. हाताचा पायजे. आनि बादलीत नवरी उबी करायची मना लाज वाटते."

मी तुर्भ्याला टाइल्स विकतो. आमच्या धंद्यात इटालियन हा देश नाही, रेट आहे. माल गुजरातमध्ये भाजलेला असतो, कळंबोलीपर्यंत ट्रकने येतो आणि माझ्या दुकानाची पायरी चढला की आपोआप इटालियन होतो. यंदा टार्गेट पुरं केलेल्या डीलर लोकांना कंपनीने सहकुटुंब खऱ्या इटलीची टूर दिली. उत्तरेत टाइल्सचं मोठं प्रदर्शन होतं. तिथे आम्ही दिवसभर आपल्याच दुकानात असतात तसल्या टाइल्स बघितल्या. मग बाकीचे डीलर खरेदीला पांगले आणि सुमनने मोबाइलवर एक व्हिडिओ काढून माझ्या नाकासमोर धरला. पार दक्षिणेच्या सिसिली बेटावरचं काल्ताजिरोने नावाचं गाव. गावभर हाताने रंगवलेल्या मातीच्या कुंड्या. "इथं जायचा हाय," ती म्हणाली. ती परदेशात एवढ्या लांब फक्त एका कुंडीसाठी आली आहे, हे मला तिथे कळलं.

विमानाने कतानियाला आणि तिथून बसने डोंगर चढून आम्ही गावात पोचलो. गावाच्या मधोमध एक भलामोठा दगडी जिना आहे. त्याच्या प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूला रंगवलेल्या टाइल्स बसवल्या आहेत आणि एका पायरीची नक्षी दुसऱ्या पायरीवर सापडत नाही. लोक फोटो काढत होते. मी वाकून सांधे बघत होतो. काही ठिकाणी लेव्हल चुकली होती, एक-दोन टाइल्सच्या कडा उडाल्या होत्या, आणि तरीही जिना बघत राहावासा वाटत होता. माझ्या दुकानात अशी टाइल आली असती तर मी रिजेक्ट करून परत पाठवली असती.

जिन्याच्या पायथ्याशी जेवलो. आरंचिनी (भाताचे तळलेले गोळे) सुमनला पसंत पडले, पण मिरचीशिवाय ते तळण्यामागचा हेतू तिला कळला नाही. नंतर हॉटेलवाल्याने एक बशी आणून मोठ्या अभिमानाने ठेवली. फिकी दिंदिया (भारताची अंजिरं). तुमच्या देशाचं फळ, असं तो खुणेने सांगत होता. ती निवडुंगाची बोंडं होती. आमच्याकडे खाडीच्या बांधावर वाढतात आणि गुरंसुद्धा त्यांना तोंड लावत नाहीत. सुमनने एक खाल्लं, बिया बशीत काढून ठेवल्या आणि म्हणाली, "आपला नाव सांगून कायबी खपवतात." ती माझ्याकडे बघत होती.

दुपारी एका गल्लीत कोंचेत्ताचा कारखाना सापडला. कोंचेत्ता पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा, हाताला कोपरापर्यंत निळा रंग. एक भट्टी, दोन टेबलं, भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर नुसती माणसांची डोकी. हो, डोकी. इथली कुंडी म्हणजे तेस्ता (डोकं). जोडीनेच करतात, एक बाई, एक बुवा. कपाळाच्या वर मुकुट, आणि मुकुटाच्या आत पोकळ. झाड तिथे लावायचं.

मी अजून ते पचवत होतो, तोवर सुमन एका डोक्यासमोर हात जोडून उभी होती. पिळदार मिशा, टपोरे डोळे, डोक्याला रंगीत फेटा. तिच्या जागी आमच्या गावची दुसरी कोणीही असती तरी तिने हेच केलं असतं. हुबेहूब जेजुरीचा खंडोबा. "अवो, देव," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने पर्समधून भंडाऱ्याची पुडी काढली. ही पुडी तिच्याकडे नेहमी असते. हळदीत तीन बोटं बुडवून तिने देवाच्या कपाळावर डावीकडून उजवीकडे अशी भक्तिभावाने ओढली, जशी घरी टाकाला ओढते.

कोंचेत्ता ओरडली नाही. तिने ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही निळे हात स्वतःच्या डोक्यावर ठेवले.

झालं होतं ते असं. मातीचं डोकं एकदा भाजतात, मग पांढऱ्या पाण्यात बुडवतात. ते वाळलं की वर पिठासारखा थर बसतो. त्या पिठावर रंग भरायचा आणि पुन्हा भाजायचं, तेव्हा त्याची काच होते. सुमनचा देव अजून दुसऱ्यांदा भाजला नव्हता. तिच्या बोटांनी कपाळावरचा रंग पिठासकट खरवडून निघाला होता. सुमनने घाबरून ते पदराने पुसायला घेतलं, तेव्हा कोंचेत्ताने तिचं मनगट धरलं आणि मोबाइलमध्ये काहीतरी बोलली. मोबाइल मराठीत म्हणाला, "कृपया प्रेमाने दूर राहा. एकदा गेलेले परत येत नाही."

मग मोबाइलच्याच तोंडून कळलं, की ही जोडी एका लग्नघरी द्यायची होती. रविवारी लग्न. बाई तयार होती, बुवाचं कपाळ गेलं. सुमन एका स्टुलावर बसली. तिचा चेहरा जेसीबीच्या दिवशी झाला होता तसा झाला. "आपल्यासारकीच ती," मला म्हणाली. "तिचा हातचा कामबी मीच मोडला." मला तिची फार दया आली आणि तिच्यासाठी काय करावं ते सुचेना. टाइल फुटली तर मी बदलून देतो, एवढंच मला येतं.

मी पैशाचं बोलायला लागलो. कोंचेत्ताने हाताने गप्प केलं. फळीवर एकदा भाजलेलं कोरं डोकं होतं, ते ती आता रंगवायला घेणार होती. पण मग तिच्या टाइल्सचं काम मागे पडणार, म्हणून तिने सुमनसमोर टाइल्सचा ढीग, एक कागद आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी ठेवली. कागदावर नक्षी होती, नक्षीच्या रेघांवर सुईची भोकं. कागद टाइलवर ठेवायचा, वरून पुरचुंडी थोपटायची, कागद उचलला की ठिपक्यांची नक्षी खाली. ते याला स्पोल्वेरो (भुकटी मारणं) म्हणतात. सुमनने कागद उजेडात धरला आणि पहिल्यांदा हसली. "यो तं रांगोलीचा छाप," ती म्हणाली. मग पदर खोचला.

पुढचे दोन दिवस माझी इटली म्हणजे एक गल्ली. मी कॉफी आणायचो, ती कपभर नव्हे, झाकणभर असते. आणि कपबश्या विसळायचो. दोघी बायका काम करायच्या, मोबाइल मधे ठेवून गप्पा मारायच्या. कोंचेत्ताची आई हेच करायची, तिची आजीही हेच करायची. मुलगी मिलानला बँकेत आहे, ब्रशला हात लावत नाही. सुमन म्हणाली, माझी सून पन रांगोलीचे स्टिकर आनते. यावर दोघींनी एकाच वेळी उसासा टाकला, त्याला भाषांतर लागलं नाही.

एकदा सुमनने विचारलं, की देवाचं डोकंच का करता, धड का नाही? कोंचेत्ताने डोळे मिचकावले आणि गोष्ट सांगितली. मोबाइल बातम्या द्याव्यात तशा आवाजात बोलत होता. "एक मुलगी सज्जात झाडांना पाणी घालत होती. समुद्रापारचा तरुण आला. त्याने तिला प्रेम केले. नंतर समजले की घरी बायको आहे, मुले आहेत. रात्री तिने त्याचे डोके कापले. डोक्यात तुळस लावली. रोज पाणी घातले. तुळस सुंदर आली. शेजाऱ्यांनीही तशी डोकी करून घेतली."

त्यांची तुळस म्हणजे बाझिलिको, आपल्या तुळशीची लांबची बहीण. पण ते महत्त्वाचं नव्हतं. आपण खंडोबा म्हणून ज्याला भंडारा लावला, तो खरं तर मुंडकं उडवलेला लबाड नवरा होता, हे सुमनला कळत होतं आणि मी तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होतो.

तिने हातातली टाइल थोपटून पुरी केली. मग म्हणाली, "तिला सांगा, आमच्या देवालाबी घरी म्हालसा असताना बानाई भेटली. म्हालसा भांडली, डोकं नाय कापला." मोबाइलने काय सांगितलं देव जाणे, पण कोंचेत्ता हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागली. सुमन पुढे म्हणाली, "आनि आमची तुलस. तिचा नवरा देवानं कपटानं मारवला आनि आमी दरसाल तिचा लगीन त्याच देवाशी लावतो. या पोरीनं बराच केला मनायचा."

मला त्या खोलीत एकदम उकडायला लागलं. मी कॉफी आणायला गेलो.

भट्टी उघडली तेव्हा आम्ही तिघंही पुढे वाकलो होतो. नवा बुवा झकास भाजून निघाला. लग्नघरचं काम झालं. त्याच्या शेजारी आमचा. कोंचेत्ताने त्यालाही भट्टीत ठेवलं होतं, म्हणाली, अग्नी काय ठरवतो बघू. हळद जळून गेली होती, तिचा मागमूस नव्हता. पण कपाळावर बोटांच्या तीन वाटा राहिल्या होत्या. वरची काच तिथे पातळ झाली होती आणि खालून भाजलेली माती दिसत होती. तो बिघडलेला माल होता. सुमन म्हणाली, "मना योच पायजे." आता कोंचेत्ता भेट म्हणून देईल, असं मला वाटलं. तिने पूर्ण किंमत घेतली, एक छदाम सोडला नाही. इटलीत मला मनापासून आवडलेली माणसं मोजकी, त्यात ती पहिली.

परतताना मुंबईच्या विमानतळावर बॅग मशीनमधून गेली आणि मशीनपाशी बसलेल्या माणसाने मान वर केली. बॅग उघडली, साडी उलगडली, मिशा दिसल्या. "ये कौन है?" त्याने विचारलं. सुमन म्हणाली, "कुंडी है, भाऊ." त्याने कपाळावरच्या वाटांकडे बघितलं आणि नमस्कार करून बॅग बंद केली. सोलापूरकडचा होता, त्यालाही जेजुरीच आठवली असणार.

वॉचमनने तुळस जगवली होती. आता काम माझं होतं. डोक्याला खाली भोक नव्हतं, आणि पाणी साचलं तर तुळशीची मुळं कुजतात. दुकानातून डायमंड बिट आणलं, डोकं परातीत पाण्यात उलटं धरलं आणि ड्रिल हातात घेतलं. आयुष्यभर टाइल्सना भोकं पाडली, फुटली तर दुसरी घेतली. याला दुसरा नव्हता. बिट टेकवून मी दोनदा परत उचललं, खोटं कशाला बोलू. सुमन पाणी ओतत म्हणाली, "दमानं. बिचाऱ्याला एकदा कापलाय." बिट आरपार गेलं, डोकं शाबूत राहिलं, आणि आम्ही दोघं परातीशेजारी जमिनीवरच बसलो.

तुळशीचं लग्न पार्किंगमध्ये लागलं. गाड्या बाहेर काढल्या, फरशीवर सुमनने छापाची नाही, हाताची रांगोळी काढली, ऊस बांधले. आळीतल्या बायका आल्या. बिल्डिंग झाल्यापासून एकमेकींना लिफ्टमध्येच दिसायच्या, त्या पाट मांडून बसल्या. आमच्या शेजारच्या सखूकाकूंनी डोळे बारीक करून विचारलं, "सुमन, यो देव कोन गो?"

"देव नाय, काकू. बायकोला फसवून आलेला हाय. आता जलमभर तुलस डोक्यावर घेऊन बसलाय."

बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं. पुरुषांनी मंगलाष्टकं जरा लवकर सुरू केली.

लग्न लागल्यावर काकू उठल्या. फसवा असला तरी आता पावन झाला म्हणाल्या, आणि भंडाऱ्यात बोटं बुडवून त्याच्या कपाळावरच्या वाटांवरून फिरवायला गेल्या. बोटं बसेनात. त्यांची जाड, वाटा बारीक. मग दुसरीने लावून बघितली, मग आमच्या सुनेने. कोणाचीच बसली नाहीत.

सुमनने लावली, ती बरोबर बसली. आळीत तिचं हाताचं वृंदावन परत आलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून मला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशी पेंटची रिकामी बादली उचलून मी दुकानात नेली, आणि तिथे एका गिऱ्हाइकाने समोरच्या टाइलवर बोट ठेवून इटालियन का, असं विचारल्यावर मी म्हणालो, नाही.