मध्यंतरातला सत्कार

रहस्यनाटकातला खुनी कोण, हे मी मध्यंतरातच माईकवरून अख्ख्या मांडवाला सांगून टाकलं. तेव्हा मी पस्तिशीची होते. आवाज कमावलेला, अक्कल कमवायची राहिलेली. गोष्ट नव्वद सालानंतरची, भवानीनगरची. आणि ती भोगली माझ्यापेक्षा जास्त आमच्या तात्यांनी.

तात्या म्हणजे आमच्या नाट्यमंडळाचे सेक्रेटरी. मंडळाला नफा नको होता. पुण्या-मुंबईची व्यावसायिक नाटकं बारामती-इंदापूरच्या गावांत आणायची, एवढंच वेड. हा माणूस बसलेला मी कधी पाहिला नाही. चहासुद्धा येरझाऱ्या घालत, बशीतून सांडत. नाटक चालू असताना मांडवाच्या कडेकडेनं फिरायचे आणि बघायचे ते रंगमंचाकडे नाही, लोकांच्या तोंडाकडे. "मागची म्हातारी हसली का? न्हाय? मग आवाज पोचत न्हाय तितं," की धावलेच स्पीकर हलवायला.

प्रयोगाआधी आठवडाभर त्यांची लुना कऱ्हाटीपासून अंथुर्ण्यापर्यंत फिरायची. पारावर निम्मी गोष्ट रंगवून सांगायची आणि ऐन भरात लुना चालू. "फुडचं तितं येऊन बघा!" लोक मागून ओरडायचे, "तात्या, निदान म्हातारी मरती का तेवढं तरी सांगा!" हे वळूनही बघायचे नाहीत.

ही रहस्यनाटकवाली पुण्याची कंपनी दोन वर्षं खेड्यात यायला तयार नव्हती. मॅनेजर म्हणायचा, तुमचे लोक असलं नाटक गप्प बसून बघणार नाहीत. बघतील, असा तात्यांनी शब्द दिला. हा प्रयोग जमला तर कंपनी दरवर्षी येणार होती.

आमच्याकडे सत्काराशिवाय मध्यंतर होत नाही. शाल, नारळ, दोन शब्द. दोन शब्द माझ्याकडे. नाटक पुण्यात आधीच पाहिल्याचा तोरा मिरवत, नवी इरकल नेसून मी माईकपाशी गेले. डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाला नारळ देत म्हणाले, "इतका सालस माणूस शेवटी एवढ्या थंड डोक्यानं विष पाजतो, हेच अभिनयाचं यश!"

नटाच्या हातात नारळ तसाच. तात्या, सदा चालते तात्या, जागच्या जागी थांबले.

दुसऱ्या अंकात डॉक्टरनं औषधाचा पेला पुढं केला, तशी बायकांतून एक आजी उठली. "अगं बया, घिऊ नगंस त्येच्या हातचं!" मांडव हसून लोळला. मग प्रत्येक पेल्याला हशा. शेवटी पेला घेणारी नटीही तोंड फिरवून हसायला लागली.

पडदा पडल्यावर मॅनेजर तणतणत आला. "कुणाचा हा शहाणपणा?"

मी इरकलीचा पदर सावरत मागं सरकले. तात्या पुढं झाले. "माझा. भाषण मीच लिहून दिलं व्हतं."

साफ खोटं! "मग आता आमची कंपनी विसरा," म्हणून मॅनेजर गेला. ती कंपनी पुन्हा आमच्याकडे आली नाही ती नाहीच.

पुढं तात्या होते तोवर मंडळाचा माईक मीच सांभाळला. त्यांच्या शोकसभेतही मीच बोलले. पण त्या प्रयोगानंतर मात्र मी विंगेत पदर तोंडाला लावून रडत होते, मंडळातून माझं नाव काढा म्हणत होते.

"माझ्यापायी कंपनी गेली, तात्या. का घेतलंत अंगावर?"

"कंपन्या पुण्यात लई हायत, वहिनी. एक गेली तर दुसरीच्या दारात जाऊ. पर चारचौघांत माईक धरणारी बाई आमच्यात एकच हाय. ती घरी बसली, तर दुसरी कुठनं आणू मी?"