चार खांदे

फोन नीट कानाशी धर वो पोरी, अर्धवट ऐकायची तुझी खोडच हाय. कॉलेजात ग्रीक लोकांचं जुनं नाटक शिकून राह्यली म्हणते, राजाचा हुकूम मोडून बहीण भावाले माती देते ते. तशी बहीण मी आपल्याच दारात पाह्यली.

तू लहान होती तवा आपल्या शेजारचा शेतवाला वारला. धुऱ्याच्या, म्हंजे शेताच्या बांधाच्या, भांडणापायी तुझ्या आबांनं गावाले बजावलं होतं, त्याच्या मयतीले कोनी जायचं नाही. अन् गाव आबांचं ऐके.

त्याची बहीण जळगाव जामोदहून एकटी आली. पदर कमरेले खोचलेला, डोळे कोरडे. नाव मले आजही ठाऊक नाही. म्हणाली, "चार खांदे द्या."

आबा म्हणाले, "त्यानं मले कोर्टात ओढलं."

"काकाजी, भांडणारा तर गेला. आता कोनासंग भांडून राह्यले?"

आबांनं पाठ फिरवली. मंग तिनं माझ्याकडे पाह्यलं. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मी झुणका-भाकर बांधून ठेवली होती. तरी हात पुढं झाला नाही. मी नुसती पदर सावरत राह्यली. तिनं भावाले बैलगाडीत घालून मसणात नेलं, अग्नीही तिनंच दिला.

त्या संध्याकाळी आबांनं ताट सरकवून दिलं.

तिच्या गावी जाऊन यावं असं लई वाटते, पण एकटीनं तिच्या दारात उभं राहाची लाज वाटते. काल आबाच हळूच म्हणाले, "नात संगं असली तर मीही येतो." परीक्षा झाली का लगेच ये वो माय.